जर्मनीच्या आधी पेण

पोह्याचे पापड उन्हात वाळवत नाहीत, सावलीत वाळवतात. हे वाचून 'एवढं काय सांगायचं त्यात?' असं ज्यांना वाटलं त्यांना माझा नमस्कार. ज्यांना माझ्यासारखं 'असं होय!' झालं, त्यांनी जरा जवळ सरकून बसावं. मी पेणचा जावई. पेणचा पापड मला रोज पानात लागतो, तोही भाजलेला नाही, तळलेला. पण पानात येण्याआधी तो कुठे असतो, याची चौकशी मी लग्नानंतर इतकी वर्षं एकदाही केली नव्हती. अशा माणसानं युरोपला निघायच्या ऐन आठवड्यात, सासुरवाडीची मंडळी दुपारची लवंडलेली बघून, मधल्या खोलीत पंख्याखाली पसरलेले वर्षाचे पापड सुपात भरभरून गच्चीवर नेले आणि एप्रिलच्या उन्हात साड्यांवर मांडले. वाऱ्यानं साड्या उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर प्रवासासाठी घेतलेले आमचे नवे बूट ठेवले. मग एक चांगलं काम हातून झाल्याच्या समाधानात खाली येऊन घोरलो.

चहाच्या वेळी शेजारची शेवंतामावशी मिरच्या उचलायला तिच्या गच्चीवर चढली आणि तिथूनच ओरडली, "अगो बाय, ह्ये काय झालं तुमच्या पापडांना?"

आम्ही धावलो. एकही पापड सपाट उरला नव्हता. कुणाची वाटी झाली होती, कुणी सुरळी करून घेतली होती, काही हात लावायच्या आधीच तडकले होते. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, भिंतीला धरत धरत वर आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "उन्हात घातले आन् थंडी भरल्यागत आखडले की वो, जावईबापू!"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? हसली नाही ती सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती. ती नुसती खाली बसली आणि एकेक वाकडा पापड उचलून परातीत ठेवायला लागली.

हे सगळं आठवायचं कारण, परवा ज्योतीचा फोन आला. ज्योती म्हणजे मेहुण्याची बायको. "ताईंना पाठवा हां शनिवारी. पोहे दळून आणलेत." ताईंना पाठवा. मला बोलावणं नाही. काही वर्षं झाली, मला बोलावणं नसतंच. पण फोन ठेवला आणि इथे रोह्यात, आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत उभ्या उभ्या, हिंगाचा, पापडखाराचा आणि ताज्या दळलेल्या पोह्यांचा वास नाकात शिरला. त्या वासाच्या मागोमाग माझ्या डोळ्यांपुढे पेण यायला हवं ना? आली ती जर्मनी. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकाच डब्यात भरल्या गेल्या आहेत, आता सुट्या होत नाहीत.

त्या वर्षी आमच्या निनादनं जर्मनीतून फोनवर फर्मान काढलं होतं. त्याला तिथे नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. "बाबा, आईची रिटायरमेंट झालीय, तुमची रजा साठलीय. आता कारणं नकोत. तीन महिने या." मुलगा राहतो ते गाव ऱ्हाइन नदीच्या काठावर आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सुलभानं फोन दोन्ही हातांनी धरला होता. मुलाची खुशाली राहिली बाजूला, तिनं पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठल्या दिशेला वाहतं तुझ्या खिडकीतून?" त्याला सांगता येईना. "बघून सांग," म्हणाली.

याला कारण आहे. सुलभानं सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. युरोपचा नकाशा ती फळ्यावर पुस्तकात न बघता काढायची. खडू टेकवला की इटलीचा बूट पायात घालूनच उचलायचा. ऱ्हाइन तर तिच्या हातात इतकी बसली होती की सही करतानासुद्धा तिचा 'ल' तसाच वळायचा. आणि ही बाई रत्नागिरीच्या पलीकडे गेली नव्हती. मुंबईला गेली तरी संध्याकाळी परत यायची घाई.

मी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत स्टोअर्सला. माझा परदेशाशी संबंध म्हणजे खोक्यांवरचे शिक्के. पण तयारीला मी लागलो तो असा लागलो की शेजारच्यांना वाटावं, हा माणूस आल्प्स चढणार आहे. पहिलं काम, गरम कोट. कोट अंगाला सवयीचा असावा, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मार्चमधल्या एका संध्याकाळी तो लोकरीचा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, मी कुंडलिकेच्या काठानं फेरफटका मारला. समोरून येणारा माणूस आधी कोटाकडे बघायचा, मग माझ्या तोंडाकडे. आमचे शेजारी म्हात्रे यांनी तर थेट कपाळालाच हात लावला. "थंडी वाजून येतेय का? मलेरिया असेल. चला, डॉक्टर अजून दवाखान्यात असतील." त्यांना जर्मनीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं बरं. तरीपण रक्त तपासून घ्या."

मग काटाचमचा. जेवण हातानं न जेवण्याचा सराव मी घरी सुरू केला, आणि मुहूर्ताला ताटात नेमकं वालाचं बिरडं आलं. काट्यानं बिरडं खाऊन बघा एकदा. डाळिंबी टोचावी तर तिचे दोन तुकडे होतात, न टोचावी तर ती निसटून रश्श्यात बुडी मारते. अर्ध्या तासात माझं पोट रिकामं आणि शर्ट भरलेला. सुलभा पदर तोंडाला लावून बघत होती. "तुम्हाला तिकडे कुणी बिरडं वाढणार नाहीये," ती म्हणाली.

तुम्हाला. माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, पण त्या सगळ्या दिवसांत ती असंच बोलायची. तुम्हाला थंडी वाजेल. तुमची बॅग जड होतेय. तुम्ही विमानात कानात कापूस घाला. दोघांची तिकिटं आली होती, व्हिसा झाला होता, तिचे बूट खोक्यात येऊन पडले होते. पण ती त्या प्रवासाबद्दल बोलताना स्वतःला कुठेच घ्यायची नाही. बूट तर तिनं पायात घालूनही पाहिले नव्हते.

एकदा मी सरळ विचारलं. तेव्हा म्हणाली, "आईच्या पापडांचं काय करायचं ते कळत नाहीये."

मला हसूच आलं. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे पेणला गेल्यावर समजलं.

सासूबाईंच्या आळीत पापड एकट्यानं कुणी करत नाही. आज हिच्या घरी, परवा तिच्या घरी. ज्या घरचे पापड असतील त्या घरी बाकीच्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जातात. पीठ कुटायला दोघी, लाट्या कापायला एक, लाटायला उरलेल्या. मजुरी नाही, हिशोब नाही. फक्त एक आहे: जिनं तुमच्याकडे लाटलं, तिच्याकडे तुम्ही लाटायला जायचं. सासूबाई त्याला 'हात परत करणं' म्हणतात. पूर्वी हात त्यांचे असायचे. मनगटं दुखायला लागल्यापासून त्यांच्या वतीनं सुलभा जायची, दर उन्हाळ्यात रोह्याहून पेणला, सुट्टी लागली की. ज्योती हॉस्पिटलात नर्स, तिच्या शिफ्ट तिलाच पुरत नाहीत. तेव्हा त्या घरचे हात म्हणजे सुलभा. आणि त्या वर्षी पापडांच्या ऐन दिवसांत सुलभा जर्मनीत असणार होती.

तिनं आईला सुचवून बघितलं, "यंदा आपण नको करूया पापड. विकतचे आणू."

सासूबाई उठून आत गेल्या आणि रिकामा पापडाचा डबा धुऊन पालथा घालून आल्या. बस्स. संध्याकाळभर तो डबा ओट्यावर पालथा होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे न बघता चहा पीत होतो.

खरी गोष्ट डब्याची नव्हती, हे मला कळत होतं आणि सुलभालाही. ऐंशीच्या पुढचं माणूस. तीन महिने. पापड केले नाहीत म्हणजे पुढच्या वर्षाची तयारी केली नाही. ते घरात कुणीच बोलत नव्हतं, म्हणून सगळे पापडांबद्दल बोलत होते.

तोड काढली ती शेवंतामावशीनं. तिनं आळीत फिरून सगळ्यांचे पापड आधी घ्यायचे ठरवले. "सुली आधी सगळ्यांकडं लाटंल. तिचा हात आधी परत होऊंदे. मंग शेवटी तुमच्याकडं आमी येतो. कोनाचं कोनाकडं ऱ्हायलं नको." आळीतली एकही बाई नाही म्हणाली नाही.

तो महिना आमचा अर्धा पेणला गेला. मी शनिवारी शिफ्ट संपवून परस्पर पेण गाठायचो. आळीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. पांढऱ्या मूर्ती, अजून डोळे न आखलेल्या, ओळीनं उभ्या असायच्या आणि परदेशी जाणारे गणपती पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत बसत असायचे. "ह्ये बघा," एक बाई म्हणाली, "देव दरसाल जातात तिकडं. त्यांनी कधी पापडांची काळजी केली?" सुलभासुद्धा हसली त्या दिवशी.

माझं काम लाट्या खाणं. तेलात बुडवलेली कच्ची लाटी जिभेवर ठेवली की हिंग आधी लागतो, मग तिखट, मग पोह्यांचा गोडवा. शहाण्या माणसानं दोन खाव्यात. मी माझ्या हिशोबानं खात होतो आणि वर सरावाच्या नावाखाली नवे बूट घालून ओसरीत येरझारा घालत होतो. बायका माझ्या बुटांकडे बघायच्या आणि लाटण्याचा ताल चुकायच्या.

एका दुपारी कुणीतरी विचारलं, "सुले, पन जायाचं तरी कुठं तुमाला? दुबईच्या अंगाला?"

सुलभाचा हात थांबला. तिनं पोळपाट बाजूला सरकवलं, समोरच्या मोठ्या पाटावर मूठभर पीठ टाकलं, तळव्यानं सारखं केलं आणि बोटानं युरोप काढायला लागली. एका रेघेत इटली. पिठाचा ढीग ओढून घेतला, चिमटीनं उंच केला: "हे आल्प्स. बर्फाचे डोंगर." त्या ढिगातून तिनं एक बोट ओढलं, आधी उत्तरेकडे, मग वळवून पश्चिमेला, मग पुन्हा वर, समुद्रापर्यंत. "ही ऱ्हाइन." आणि त्या वळणावर एक लाटी ठेवली. "इथे निनाद राहतो."

ओसरीतली सगळी लाटणी थांबली होती. इतकी वर्षं ती फळ्यापुढे अशीच उभी राहत असेल, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गालाला पीठ लागलं होतं, डोळे पाटावर होते, आणि ते डोळे पेणला नव्हते. मला एकदम कळलं की हिला किती जायचंय. कोट घालून नदीकाठी मिरवत होतो मी, आणि जायचं होतं तिला.

सासूबाई वाकून बघत होत्या. "लांब हाय गो," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "ऊन कसं असतंय तिकडं?"

"उन्हाळ्यात रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो, आई."

"धापर्यंत? आन् पापड नाय करत?"

"नाही करत."

"आळशीच दिसतात," म्हणत त्यांनी सवयीनं हात पुढे केला, ऱ्हाइनच्या काठावरची लाटी उचलली, तेलात बुडवली आणि तोंडात टाकली. "अगो, नातवाचं घर खाल्लंन म्हातारीनं!" शेवंतामावशी ओरडली, आणि मग जो हशा उठला त्यात आल्प्स कोसळले.

सासूबाईंचं माहेर जिते. लग्न होऊन त्या पेणला आल्या. आता रेल्वेनं मधे एकच स्टेशन, हमरापूर. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की त्या दिवशी एसटीत त्या इतक्या रडल्या की शेजारच्या बाईला वाटलं, पोरीला कुठे परमुलखात दिलं. "मला वाटलं, आता काय जिते दिसत नाय पुन्ना." तेव्हा लांब कशाला म्हणायचं, हे आपलं आपल्यापाशी.

असा महिना गेला. सुलभानं घरोघरी लाटून आपला हात सगळ्यांकडे पोचता केला. शेवटी आमच्या घरची पाळी आली, आळीतल्या बायका आल्या, डबा भरेल एवढे पापड झाले, मधल्या खोलीत पसरले. निघायला पाच-सहा दिवस उरले होते. आणि मग मी मदत केली.

आता कळलं असेल, सुलभा का हसली नाही. गच्चीवरून परात घेऊन ती खाली आली, माझ्याशेजारी जिन्याच्या पायरीवर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी नंतर येते. पावसाच्या आधी कधीतरी."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. तिला थांबायला कारण हवं होतं आणि ते मी सुपात भरून आणून दिलं होतं. 'नंतर' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी काहीतरी म्हणालो, 'निनादला काय सांगू' असलं काहीतरी. ती परात उचलून आत गेली. त्या रात्री मी घोरलो नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपराध्यासारखा ओसरीत पेपर धरून बसलो होतो, तर शेवंतामावशी फाटकातून आत आली. काखेत पोळपाट. तिच्या मागून आणखी दोघी. मग आणखी. जणू कालचं काही झालंच नाही अशा सगळ्या पदर खोचून बसल्या. गिरणी उघडल्या उघडल्या मेहुण्यानं पोहे दळून आणले होते, म्हणजे हा कट आदल्या संध्याकाळीच शिजला होता.

सुलभा दारात उभी. "मावशी, नको. खरंच नको. मी आता हात परत कधी करणार? मी नाहीये इथे."

"करशील पुढल्या साली," मावशी म्हणाली.

"पुढच्या वर्षी..." सुलभा एवढंच बोलली आणि थांबली. तिची नजर आईकडे गेली आणि लगेच वळली. ओसरीत सगळ्यांनी ती पाहिली. मीही पाहिली. जे कुणी बोलत नव्हतं ते आता सगळ्यांच्या मधोमध येऊन बसलं होतं.

सासूबाई उखळाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही, मुसळाला तेलाचा हात फिरवत राहिल्या.

"मी हाय ना हितं," त्या म्हणाल्या. "चार घरचे हात तू अंगावर ठेवून चाललीस. ते परत कोन करनार, मी? माज्या मनगटात जोर नाय. तू येशील, चारी घरी लाटशील, मी बसून बघीन. तवर मी कुठं जात नाय. आता बस खाली, पीठ सुकतंय."

सुलभा बसली. तिनं पहिली लाटी घेतली आणि ती इतकी लाटली, इतकी लाटली, की पापड कागदासारखा पातळ होऊन पोळपाटाला चिकटला. "अगो, त्यातून जर्मनी दिसंल आता, सोड त्याला!" शेवंतामावशी म्हणाली. सुलभानं मनगटानं नाक पुसलं, गालाला पीठ लागलं, आणि ती हसली. मला ओसरीच्या कडेला खुर्ची दिली होती आणि गच्चीच्या दाराला कुलूप घातलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुलभा चारी घरी लाटून आली. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या आणि चुका काढत होत्या. दरवर्षी त्या सुलभाकडे एक-दोन घरं राखूनच ठेवतात. 'यंदा दोघी ऱ्हायल्या हां तुज्याकडं,' असं तिला फाटकाशी बजावतात. परवा ज्योतीनं फोनवर सांगितलं, "आईंनी आतापासूनच ताईंचं कोणाकोणाकडे लाटायचं ते ठरवलंय." मला त्यात काही वावगं दिसत नाही. जर्मनीबद्दल लिहायला बसलो आणि जर्मनी राहूनच गेली, हे मात्र खरं. तिथली देवळं, पूल, वेळेवर येणाऱ्या गाड्या यांवर लोकांनी भरपूर लिहिलं आहे. मला आठवतो तो त्या आधीचा महिना.

आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस. पापड सपाट वाळले, डबा भरला, आम्ही सासूबाईंच्या पाया पडलो आणि दुपारच्या गाडीनं पेणहून रोह्याला निघालो. डब्यात तुरळक माणसं. भातं कधीच निघून गेलेली, कापलेल्या शेतांतून वालाचे वेल वाळून पडलेले. कासू गेलं. सुलभा समोरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होती आणि मी काही बोलायला धजावत नव्हतो. काय विचारणार? येतेस ना, असं? बायकोला?

नागोठणं आलं. इतक्या वर्षांची ड्यूटीची सवय, मी पिशवी घेऊन उठलो, मग ओशाळून पुन्हा बसलो. गाडी हलली. तेव्हा ती बाहेरची नजर न काढता म्हणाली,

"विमानात खिडकीजवळ मी बसणार. वरून आल्प्स दिसतात. तुम्ही काय, तुम्ही झोपणार."